कोरा तंबू

रागाला डोळे नसतात म्हणतात. हिच्या रागाला कान मात्र होते, आणि ते भलतेच तिखट होते. शिलाईच्या शेडमध्ये त्या टोकाला कोणी काही कुजबुजलं की या टोकाला तिचं मशीन थांबायचं. ते थांबलं की बाकीची मशीनंही आपोआप थांबायची, कारण पुढे काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असायचं. तिला तिथे सगळे ‘तोफ’ म्हणत. तोंडावर नाही अर्थात. तोफेच्या तोंडी कोण जाईल?

ही शेड तंबू आणि ताडपत्र्या शिवणाऱ्यांची. ट्रकवर टाकायची आच्छादनं, दुकानांपुढची कापडी छपरं आणि हौशी लोक रानात घेऊन जातात ते जाड सुती कापडाचे तंबू. लांबलचक टेबलं, मेण लावलेल्या दोऱ्याचा वास, जमिनीवर कातरणांचा खच. सगळ्यात जाड कापड सगळ्यात मोठ्या मशीनवर जायचं आणि त्या मशीनवर ती बसायची. सकाळी ती आली की लोक कापड बेतणाऱ्या काकांकडे बघत आणि काका चष्म्यावरून तिच्या पिशवीकडे बघत. पिशवी खुंटीला नीट अडकवली तर दिवस बरा. भिरकावली तर काका नुसती मान हलवत, आणि त्या दिवशी तिच्याकडे कोणी कात्रीसुद्धा मागत नसे.

पण एक सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. तिचा राग बहुतेक वेळा बरोबर असायचा. मालक एखाद्या गिऱ्हाइकाला ‘अस्सल सुती’ म्हणून भेसळीचं कापड गळ्यात मारायला लागला की ती मान वर न करता म्हणायची, “अर्धं प्लास्टिक आहे त्यात. उन्हात आत बसलात तर उकडून निघाल.” गिऱ्हाईक निघून जायचं आणि मालक कपाळाला हात लावायचा. माणसांशी ती कशीही वागली असेल, पण कापडाबाबत ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. मालकानं तिला ठेवली होती ती तिच्या शिवणीसाठी. थोडी भीतीपोटीही असेल.

गिऱ्हाइकांवर ओरडायचा तिचा आणखी एक ठरलेला विषय होता, तो म्हणजे कोरा तंबू. सुई कापडाला भोकं पाडते आणि नव्या कापडात ती उघडीच राहतात. म्हणून शेडमागच्या अंगणात प्रत्येक नवा तंबू उभा करून त्यावर नळीनं पाणी मारायचे आणि वाळवायचे. भिजलं की सूत फुगतं, दोऱ्याला घट्ट धरतं, मग थेंब आत येत नाही. शेडमध्ये त्याला ‘तंबूला पाणी पाजणं’ म्हणत. कोणी घाईत कोरा तंबू मागितला की ती मशीनवरूनच सुनावायची, “न्या. पावसात रडत बसा.”

अशी ही बाई घरी आली की समोर कोण? सहा वर्षांची एक मुलगी.

मुलीला सगळे खारू म्हणत, कारण तिचे खिसे कधी रिकामे नसत. बटणं, पेन्सिलींची टोकं, गोगलगाईचा शंख, शेडमधल्या कापडाच्या पट्ट्या, अर्धं बिस्कीट. दोन खोल्यांचं घर, भिंती पातळ. तोफ उडाली की शेजारी रेडिओचा आवाज वाढवत. खारूकडे रेडिओ नव्हता. ती खिशात हात घालून उभी राहायची.

नवरा होता. म्हणजे अजूनही होता कुठेतरी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या घरात. फोनवर मात्र असा गोड की फोनलाच मुंग्या लागाव्यात. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. तो खारूला म्हणाला, आपण दोघं तळ्याकाठी तंबूत राहू, मासे बघू, शेकोटी करू. आणि हिला म्हणाला, तंबू तू शिव, तुझा हात चांगला आहे, नेतो मी. हिनं त्याला जे सुनावायचं ते सुनावलं आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुटीत तंबू शिवायला बसली. नवऱ्याला ती नाही म्हणू शकत होती, पण खारू रोज संध्याकाळी विचारायची, आज कुठपर्यंत आला तंबू. तिला काय सांगणार?

त्याच सुमारास कपाचं प्रकरण झालं. खारूच्या हातून कप फुटला. तिनं काय करावं? तुकडे उचलले आणि खिशात घातले. तळहात कापला, तोही तुकड्यांबरोबर खिशात. संध्याकाळी मावशी भेटायला आली, तिनं भाचीला जवळ ओढलं, तेव्हा फ्रॉकवर रक्त दिसलं. तोवर सुकून काळं पडलं होतं.

मावशी म्हणजे हिची थोरली बहीण. शांत बाई. शांत माणसांचा हिला विशेष राग यायचा, कारण त्यांच्याशी भांडता येत नाही. ताईनं खारूचा हात धुतला, पट्टी बांधली, तिला बाहेर खेळायला पाठवलं आणि मग बहिणीला म्हणाली, “तुझ्या रागाला सगळेच घाबरतात, ते मी समजू शकते. पण ही जखम लपवते. उद्या ताप लपवेल. या वर्षी तिला माझ्याकडे राहू दे. शाळाही आमच्या घराजवळ चांगली आहे.”

यावर ही काय काय बोलली ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आपण पोरीलाच विचारू. विचारलं. खारूनं पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत विचार केला आणि एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी म्हणाली, “बघते.”

‘नाही’ म्हणाली नाही. ‘बघते’ म्हणाली. ते ‘बघते’ हिच्या काळजात सुईसारखं घुसलं आणि तिथेच मोडून राहिलं. ठरलं असं की शनिवारी बाबा तिला तळ्यावर नेईल, रविवारी ती परत येईल आणि रविवारी संध्याकाळी मावशी विचारायला येईल. ‘हो’ म्हणाली तर घेऊनच जाईल.

शनिवारी सकाळी फोन आला. काम निघालं, म्हणाला. पुढच्या महिन्यात नक्की, म्हणाला. तिला जरा समजाव, तुला जमतं, म्हणाला. शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. समोरच्या इमारतीतल्या बाईनं खिडकी लावून घेतली, एवढं सांगितलं तरी पुरे.

फोन ठेवून ती वळली तर खारू दाराशी, बूट घालून, गुंडाळलेल्या तंबूवर बसलेली.

“बाबा येत नाहीये?”

“नाही.”

खारूनं खाली बघितलं, ज्यावर बसली होती त्याच्यावर हात फिरवला. “मग तंबू?”

“तंबू जाणार,” ती म्हणाली. “ऊठ.”

ताडकन निघाली म्हणतात तशी ती निघाली. पाव, उकडलेली अंडी, बिस्किटं, चादरी, शेडमधून आणलेली काकांची टॉर्च, सगळं पिशवीत कोंबलं आणि तंबू खांद्यावर टाकला. बसमध्ये तो ज्याला ज्याला लागला त्याला तिनंच डोळे वटारून दाखवले. पण खिडकीशी बसल्यावर मनाशी एक गोष्ट तिनं अगदी दात आवळून ठरवली. या दोन दिवसांत आवाज चढवायचा नाही. काही झालं तरी नाही. रविवारी संध्याकाळी पोरीनं ‘नाही’ म्हणायला हवं, आणि ते तिच्या मनानं म्हणायला हवं. एवढंच आपल्या हातात आहे, आणि आपल्याच हातात आहे, म्हणून तिला स्वतःचाच राग आला. राग न करण्याचं ठरवतानाही राग येतो, अशी ही जात.

तळ्याकाठी तंबू लावायला जागा आखलेल्या होत्या. एका बाजूला नळ आणि न्हाणीघर, फाटकाशी राखणदाराची खोली. ढगांमुळे बाकी कोणी आलेलं नव्हतं. राखणदार सज्जन माणूस. म्हणाला, आभाळ भरलंय, बाई. ती म्हणाली, मला दिसतंय. त्यानं तंबूकडे बघितलं, पांढरंशुभ्र कापड, कुठे डाग नाही, चुरगळ नाही. “नवा दिसतोय,” तो म्हणाला. “पावसात कधी काढलाय का?”

झालं. एका तंबू शिवणाऱ्या बाईला हा विचारतो!

“मी स्वतः शिवलाय,” ती म्हणाली. “माझा तंबू गळत नाही.”

राखणदारानं हात जोडले आणि खोलीत गेला. शहाणा माणूस सूचना एकदाच देतो. आणि रागावलेला माणूस ती अपमान म्हणून ऐकतो, त्याला कोण काय करणार.

तंबू लावायला तिला वेळ लागला नाही. त्यातली शिवण न शिवण तिच्या हाताखालून गेलेली. मात्र एवढी वर्षं तंबू शिवून ती तंबूत कधी राहिली नव्हती. हलवायाच्या घरी मिठाई कोण खातो? खारूनं खुंट्या आणून द्यायच्या आणि तिनं दगडानं ठोकायच्या, असं काम सुरू झालं. एक खुंटी खारूनं गवतात हरवली. ती “अगं” म्हणणार इतक्यात खारू म्हणाली, “बाबा म्हणाला होता इथे मासे दिसतात.”

“बाबा म्हणाला होता!” तिचा हात वरच्या वर थांबला. मासे दाखवायला स्वतः यावं लागतं म्हणावं. फोनवरून मासे दिसत नाहीत. अशी ती बराच वेळ बोलत राहिली, आणि दगडाचे घाव खुंटीवर असे पडले की ती खुंटी पुढे कोणाला उपटता येईल की नाही याची शंकाच. हरवलेल्या खुंटीचा विषय निघालाच नाही.

मग खारूच्या हातून अंड्यांचा डबा आदल्या रात्रीच्या पावसाच्या चिखलात पडला. “बाबा म्हणाला होता शेकोटी करू,” खारू लगेच म्हणाली. पुन्हा तोफेचं तोंड दुसऱ्या शहराकडे वळलं. सगळी लाकडं भिजलेली, काडेपेटी हिच्याकडे, आणि शेकोटीचं वचन देणारा माणूस कुठे? अंडी कोणी धुतली, कधी धुतली, तिच्या लक्षातही राहिलं नाही. चिखलाचे बूट घेऊन खारू चादरीवर चढली तेव्हा बाबा म्हणाला होता की तंबूत आडवं पडून गोष्टी सांगायच्या असतात.

संध्याकाळ व्हायच्या आत पाऊस आला. दोघी आत बसल्या. कापडावर थेंब वाजायला लागले आणि खारूचे डोळे मोठे झाले. तिला ते फार आवडलं, हे दिसत होतं, आणि हिच्या मनात आलं की चला, जमतंय. आवाज चढलेला नाही. मुलगी खूश आहे. तिनं खारूला अगदी मऊ आवाजात समजावलं की ओल्या कापडाला आतून बोट लावायचं नाही. बोट लागलं की तिथून पाणी आत ओढलं जातं.

सहा वर्षांच्या माणसाला असं सांगितलं की ते काय करतं? खारूनं कोपऱ्यात एका ओल्या डागाला हळूच बोट लावलं. तिथून थेंब आला, तिच्या बोटावरून मनगटावर उतरला. ती हसली. तेवढ्यात दुसरा थेंब तिच्या डोक्यावर पडला. मग एक चादरीवर. मग पावावर. मग जिकडे बघावं तिकडे.

आणि तोफ उडाली.

“सांगितलं होतं ना हात लावू नकोस म्हणून? एक गोष्ट, एवढी एक गोष्ट ऐकायला काय होतं तुला? बघ काय केलंस! सगळं भिजवलंस!” आणखीही पुष्कळ. तिचा आवाज त्या कापडात मावेना. पाऊस वाटला होता त्यापेक्षा जास्त झाला, तसा रागही. बसमध्ये दात आवळून केलेला निश्चय कुठल्या कुठे वाहून गेला.

खारूचा हात खिशात गेला. चेहरा अगदी स्थिर झाला, पट्टी बांधून घेताना झाला होता तसाच. आणि ती हळूच म्हणाली, “बाबा असता तर त्यानं छत्री आणली असती.”

“छत्री!” ती गर्रकन वळली. मग बाबाची छत्री निघाली, बाबाचं काम निघालं, बाबानं न भरलेले शाळेचे फॉर्म निघाले, बाबाच्या आईनं कधीतरी काढलेले उद्गार निघाले. तंबू त्याला हवा होता, शिवला कोणी? मुलगी त्याची, भिजतंय कोण? तिला दम लागला तेव्हा ती थांबली आणि खारूकडे बघितलं.

खारू बिस्कीट खात होती. खिशातून काढलेलं, थोडं ओलसर, पण निवांत खात होती. एखादी बाई सर ओसरायची वाट बघत आडोशाला उभी राहते तेवढी निवांत.

“तुला काय गंमत वाटते ही?”

“नाही.”

“मग सकाळपासून बाबा बाबा काय लावलंयस? एवढी आठवण येते त्याची?”

खारूनं खरंच विचार केला. “नाही येत.”

“मग?”

“बाबाचं नाव काढलं की तू बाबावर ओरडतेस,” खारू म्हणाली. तिनं बिस्किटाचा तुकडा गिळला. “मग माझ्यावर ओरडायचं राहून जातं.”

तक्रार नव्हती त्यात. नळ कुठे फिरवला की पाणी बंद होतं हे सांगावं, तसं तिनं सांगितलं.

वड्याचं तेल वांग्यावर काढतात हे तिला माहीत होतं. शेडमधल्या वादाचं तेल घरच्या वांग्यावर तिनं कैकदा काढलं होतं. पण वांग्यानंच एक दिवस उठून तेलाला दुसरी वाट काढून द्यावी, हे तिनं कुठे ऐकलं नव्हतं. दोर सैल करायला हवेत, भिजून आखडतात, असं काहीतरी पुटपुटून ती पावसात बाहेर गेली.

दोर खरंच आखडले होते. एकेक सैल करताना ती चडफडत होती. नवऱ्यावर आधी, सवयीनं. मीच त्याला फोनवर बजावलं होतं, न्यायच्या आधी तंबूवर पाणी मार, कोरा आहे. एवढंसं काम त्याच्यानं...

दोर हातातच राहिला.

तंबू त्याच्याकडे कधी गेलाच नव्हता. तंबू होता तिच्याच घरी, दाराआड, गुंडाळलेला. जेवणाच्या सुटीत शिवलेला, म्हणून शेडच्या अंगणातही कधी उभा न राहिलेला. तिनं वाकून दारातून आत बघितलं. अजून उजेड होता. थेंब पडत होते ते एका रांगेत, छपराच्या शिवणीखाली, तिच्या स्वतःच्या शिवणीखाली, टाक्याला टाका धरून. खारूचं बोट लागलं होतं तो कोपरा तर लांबच होता.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गिऱ्हाइकांना सुनावायची, राखणदारानं विचारलं तर त्याला खाऊ की गिळू केलं, आणि स्वतः? तळपायाची आग मस्तकात गेली आणि या वेळी तिला जायला दुसरं शहर नव्हतं, ताई नव्हती, मालक नव्हता. तिनं स्वतःला अशा शिव्या दिल्या की मालकालाही कधी दिल्या नसतील. शेवटी खुंटीला लाथ मारली. तीच ती खोल ठोकलेली खुंटी. खुंटीला काही झालं नाही.

अंगठा धरून ती एका पायावर उभी असताना आतून आवाज आला, “आता कोणावर?”

“काय कोणावर?”

“आता कोणावर ओरडतेयस?”

“माझ्यावर.”

हे खारूनं कधी ऐकलेलं नव्हतं. मग दाराच्या कापडातून तिचं नाक बाहेर आलं. “तू काय केलंस?”

तिनं सांगितलं. पावसात उभी राहूनच सांगितलं, कारण आत जाऊन तोंड दाखवायची लाज वाटत होती. कोऱ्या तंबूला आधी पाणी पाजायचं असतं. मी सगळ्यांना सांगते. मला रागाच्या भरात आठवलंच नाही.

“मग माझ्या बोटामुळे नाही गळलं?”

“बोटामुळे एक थेंब,” ती म्हणाली. “बाकीचे सगळे माझे.”

खारूनं हा हिशेब मनात बसवला. ती सहजासहजी सोडणारी नव्हती, शेवटी मुलगी कोणाची. “मग मला ओरडलीस ते?”

“चुकलं.”

हा शब्द तिच्या तोंडून शिंकेसारखा निघाला, तिला न विचारता. खारूनं दाराचं कापड बाजूला धरलं आणि म्हणाली, आत ये, भिजतेयस.

कापड जे करायचं ते करतच होतं. पाणी पीत होतं, सूत फुगत होतं. अंधार पडेपर्यंत थेंब विरळ झाले, मग थांबले. दोघींनी कोरड्या कोपऱ्यात एका चादरीत कशीतरी झोप काढली. खारूचे पाय सबंध वेळ तिच्या पोटावर होते आणि ते बर्फासारखे गार होते.

सकाळी पाऊस भुरभुरत होता. ती पावाचा ओला भाग काढून टाकत होती, तेव्हा खारू समोर येऊन उभी राहिली. खिशातून मूठ काढली, उघडली. मुठीत रुमाल, रुमालात काच.

“टॉर्चची आहे,” खारू म्हणाली. “काल एक खुंटी मी टॉर्चनं ठोकून बघितली.”

टॉर्च काकांची होती. शेडमध्ये जो एकच माणूस तिला जपून वागवायचा, त्याची. खारू तिच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ किंचित उघडले होते. त्या ओठांवर कोणाचं नाव तयार होतं ते हिला आता पक्कं माहीत होतं. वाट बघत होती ती, नाव काढावं लागतंय का, त्याची.

“मला राग आलाय,” ती म्हणाली.

“दिसतंय,” खारू म्हणाली.

“खूप आलाय.”

“कोणावर?”

“तुझ्यावरच. टॉर्चनं कोणी खुंटी ठोकतं का? दगड काय कमी होते इथे?” पण आवाज तेवढाच राहिला, पाव कापताना असतो तेवढा. तो तेवढा ठेवायला तिला काय पडलं ते तिचं तिलाच माहीत, जबडा दुखला. “हात दाखव.”

खारूनं हात दाखवला. तिनं तळहात पुढून बघितला, मागून बघितला, बोटं सुटी करून बघितली. कपाची जुनी खूण होती, नवी कुठे नव्हती. तिनं काच रुमालासकट स्वतःच्या पिशवीत ठेवली. काकांना काय सांगायचं, खारूनं विचारलं. खरं काय ते, ती म्हणाली. तू सांगायचं, मी शेजारी उभी राहीन.

तंबू गुंडाळताना तो कालच्यापेक्षा दुप्पट जड झाला होता. तिनं खारूला बजावलं की सुती तंबू ओला ठेवायचा नसतो, काळे डाग पडतात, कुजतो. घरी गेल्यावर आधी तंबू वाळत घालायचा, बाकी सगळं नंतर, जेवणसुद्धा नंतर. खारूनं गंभीरपणे मान हलवली. फाटकाशी राखणदार उभा होता. ती थांबली, आणि मोठ्या मिनतवारीनं म्हणाली, “गळला.” तो हसला नाही. शहाणा होता, म्हटलं ना.

दुपारी घरी पोचल्या तर इकडे ऊन पडलेलं. दोन खोल्यांत दोर बांधून तिनं तंबू पसरला. कपाटावरून, दारावरून, खिडकीपर्यंत. घरात उभं राहायला जागा उरली नाही. खिडकीतून वारा येत होता, खारू कापडाखालून रांगत फिरत होती आणि कुठे ओलं आहे ते ओरडून सांगत होती.

संध्याकाळी ताई आली. वाकून आत आली, कारण सरळ उभं राहणं शक्यच नव्हतं. हातात नवंकोरं दप्तर होतं, खारूसाठी. ते दप्तर बघून हिच्या डोक्यात ठिणगी पडली. आधीच घेऊन आली! पोरीनं ‘हो’ म्हटल्यासारखीच! पण तिनं पाठ फिरवली आणि दोराची गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली. आता आपण एक शब्द जरी बोललो तरी तो आपला होईल, पोरीचा होणार नाही, एवढं तिला कळत होतं. गाठ तिनं सोडली आणि बांधली, सोडली आणि बांधली.

“मग,” मावशीनं विचारलं, “काय ठरलं आमच्या खारूचं?”

खारू कापडाखालून बाहेर आली. तिनं दप्तराकडे बघितलं. चांगलं होतं दप्तर, पुष्कळ खिशांचं.

“आज नाही जमणार, मावशी,” ती म्हणाली. “तंबू ओला आहे.”

“तो तुझी आई वाळवेल की.”

“नाही. ओला राहिला तर कुजतो. लक्ष ठेवायला लागतं.” आणि जरा थांबून म्हणाली, “ती विसरते.”

गाठ बांधणारे हात थांबले. ताईनं बहिणीच्या पाठीकडे बघितलं. आता तोफ उडणार म्हणून तिनं क्षणभर डोळेही मिटले असतील. काही उडालं नाही.

“बरं,” ताई म्हणाली. “किती वेळ लागतो वाळायला?”

हे खारूला माहीत नव्हतं. तिनं आईकडे बघितलं. शेडमधल्या कोणालाही विचारलं असतं, काकांना, मालकाला, अगदी झाडणाऱ्या बाईलाही, तरी त्यांनी सांगितलं असतं, असं ऊन आणि असा वारा असेल तर झालंच, उद्या घडी घाला.

“जाड कापड आहे,” ती न वळता, रागानंच म्हणाली. “वर्ष लागतं.”

ताईनं दप्तर खाली ठेवलं आणि डोक्यावरच्या कापडाला हात लावून पाहिला. शिवणी सोडल्या तर ते सुकलं होतं. दप्तर तिथेच ठेवून ती वाकून बाहेर पडली.